सोवळ्याची साक्ष

धर्मासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांना समाज कधी विसरत नाही. हे वाक्य माझे नव्हे. आम्हा तिघांना पूर्व आफ्रिकेत धर्मप्रचारासाठी धाडताना आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी ते मुंबईच्या सभेत उच्चारले आणि टाळ्या घेतल्या. तीन वर्षांनी आम्ही परत आलो तेव्हा धक्क्यावर एकही माणूस नव्हता. मंडळाने आगबोटीची तारीख चुकीची टिपून घेतली होती, आणि हारतुरे आदल्या दिवशीच दुसऱ्याच कुणा प्रवाशांच्या गळ्यात पडले होते. तरीही अध्यक्ष बोलले ते अक्षरशः खरे ठरले. आमच्यातल्या अण्णांनी समुद्र ओलांडला होता ही गोष्ट महाडपासून पोलादपूरपर्यंत पुढची सात वर्षे कुणीही विसरले नाही. विशेषतः ज्यांच्या घरी लग्नाचे मुलगे होते ते.

तिघे म्हणजे बुवा, अण्णा आणि मी. बुवा कीर्तनकार. मी मास्तर, तिकडच्या मुलांना बाळबोध अक्षर आणि चार स्तोत्रे शिकवायला मला घेतले होते. अण्णा पोलादपूरच्या पुढे, कशेडीच्या वाटेवरच्या एका खेड्यातले, थोड्या भातशेतीचे धनी. त्यांना घेतले होते स्वयंपाकासाठी. प्रचारकांनी परदेशात स्वजातीयाने सोवळ्यात रांधलेलेच अन्न खावे असा मंडळाचा कडक नियम होता. मंडळाच्या पत्रकात मात्र आम्ही तिघेही ‘धर्मोपदेशक’ होतो. दोन उपदेशक आणि एक आचारी असे छापणे शोभले नसते.

आमचे श्रोते म्हणजे मोंबासा आणि नैरोबीचे काठेवाडी दुकानदार. ते आधीपासूनच हिंदू होते. आम्ही त्यांना हिंदू राहण्याचा उपदेश करीत असू आणि ते राहत. या कामात अपयश येणे अवघड होते. बुवा बोलत, मी शिकवी, आणि अण्णा पहाटे विहिरीवर आंघोळ करून, ओलेत्याने चूल पेटवून, सगळ्या मोहिमेचे सोवळे एकट्याच्या डोक्यावर वाहत. आमच्यापैकी धर्म खरोखर कुणी पाळला असेल तर तो त्यांनीच.

परत आल्यावर मंडळाने वाळकेश्वरी आमचे समुद्रगमनाचे प्रायश्चित्त उरकून घेतले. क्षौर, पंचगव्य, दक्षिणा. मुंबईत तेवढ्यावर भागत असे, आणि बुवा मुंबईतच राहिले. मी महाडच्या शाळेत लागलो. मला मूलबाळ नव्हते, त्यामुळे माझ्या शुद्धतेची कुणाला गरज पडली नाही. अण्णांना एक मुलगी होती. ती सतरा संपून अठरात आली तोवर तिची चार स्थळे मोडली होती. प्रत्येक वेळी प्रश्न तोच. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त झाले, ठीक. पण तिकडे खाल्ले काय? समुद्राचे प्रायश्चित्त वेगळे, अन्नाचे वेगळे. हा हिशेब आमच्याकडे लहान मुलांनाही येत असे.

पाचवे स्थळ महाडचे आले. मुलगा मुंबईत एका कचेरीत कारकून, वडील नव्हते, चुलते घरातले कर्ते. पत्रिका जुळली. मुलाने मुलगी पाहिली आणि पसंत आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगितले, हे त्या काळी जरा जास्तच होते. चुलत्यांनी एकच अट घातली. अण्णांच्या बरोबर जे दोघे होते त्यांनी समोर बसून सांगावे की तीन वर्षे चूल अण्णांचीच होती आणि तिच्याबाहेरचे कुणी काही खाल्ले नाही. माझी एकट्याची साक्ष चालली नसती. मी फार वाचतो असा माझ्याबद्दल गावात प्रवाद होता.

मी बुवांना पत्र घातले. मार्गशीर्षात ते आले. आगबोटीने बाणकोट, तिथून भरतीच्या पाण्याबरोबर लाँचने दासगाव. धक्क्यावर मी उभा होतो. सात वर्षांत ते चांगलेच सुटले होते. फळीवरून उतरताना दोन खलाशांनी त्यांना धरले, आणि उतरल्या उतरल्या त्यांनी त्या दोघांना मोंबाशाचा धक्का याहून किती लांब आहे ते सांगायला सुरुवात केली.

“बुवा, मोटार सुटेल.”

“सुटू दे हो मास्तर. सात वर्षांनी भेटतोय. अण्णा कसे आहेत? अजून ओलेत्याने स्वयंपाक करतात?”

पोलादपूरपर्यंत सर्व्हिस मोटारीने आणि पुढे अण्णांनी धाडलेल्या बैलगाडीने आम्ही गेलो. गाडीत मी त्यांना पढवले. म्हणालो, तुम्ही एकच वाक्य बोलायचे. तीन वर्षे स्वयंपाक अण्णांनीच केला. एवढे बोलून गप्प बसायचे.

“आणि तो एक दिवस?” बुवांनी आवाज खाली आणून विचारले.

तो एक दिवस असा. नाकुरूच्या पलीकडे एका लहानशा स्टेशनावर बुवांना हिवतापाने गाठले. दहा-बारा दिवस पेजही पोटात ठरेना. तिथल्या रेल्वेच्या रुळावर राबणाऱ्या एका मजुराची म्हातारी आई, तिकडचीच हबशी बाई, रोज येऊन दारातून बघून जाई. एका दुपारी ती मडक्यात कोंबडीचा रस्सा घेऊन आली आणि उंबऱ्यावर ठेवून उभी राहिली. बुवा तोंड उघडेनात. शेवटी अण्णांनी मडके तोंडाला लावले, दोन घोट घेतले, आणि म्हणाले, “आता प्या. आता पाप दोघांचं.” बुवा प्यायले. तीन दिवसांनी उठून बसले. मी तेव्हा अंगणात त्यांच्याकडे पाठ करून उभा होतो. मुद्दाम. म्हणजे पुढे कुणी विचारले तर मी काही पाहिले नाही असे मला खऱ्याने सांगता यावे. माझ्या विद्वत्तेचा तीन वर्षांत मी केलेला हा एवढाच उपयोग.

“त्या दिवसाबद्दल आपण तिघे कधी बोललो नाही,” मी म्हणालो. “आजही बोलायचे नाही.”

“मी काय खुळा आहे?” बुवा म्हणाले, आणि पुढचा सगळा रस्ता त्यांनी मला त्या दिवसाबद्दलच सांगितले.

गाडीवान बराच वेळ ऐकून घेत होता. घर दिसायला लागल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, “ओ मास्तर, हे तिकडंबी असंच बोलायचे का?”

“असेच.”

“मग त्या लोकांनी परत कसं धाडलं?”

अण्णा अंगणात उभे होते. दोघांनी एकमेकांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. बुवा रडले, कारण त्यांना रडता येत असे. अण्णा नुसतेच त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. मुलीने पाय धुवायला पाणी आणले आणि मला बाजूला गाठून म्हणाली, “मास्तरकाका, बुवांना सांगा, थोडक्यात.”

बुवांना ऐकू गेले. “अगो, मी थोडक्यातच बोलतो.”

“तुमचं थोडक्यात बाबांनी सांगितलंय मला. ऐकता ऐकता एक दुकानदार म्हणे दोनदा घरी जाऊन जेवून आला.”

“तो तीनदा गेला होता,” अण्णा म्हणाले, आणि हसले. मुलगीही हसली. तिला हे लग्न हवे होते हे तिने कुणाला सांगितले नव्हते; पण दारातले तोरण त्या सकाळी तिनेच बांधले होते, आणि मागच्या चार वेळा बांधले नव्हते.

चुलते दुपारी तीनच्या सुमाराला आले. बरोबर त्यांचे भटजी. चुलते बारीक, स्वच्छ, अगदी मर्यादशील गृहस्थ. साक्ष होईपर्यंत त्या दोघांनी घरचे पाणीही घेतले नाही. केळी मात्र घेतली. केळ्याचे सोवळे त्याच्या सालीत असते. ओटीवर गावातली पंधरावीस माणसे जमली. साक्षीसाठी गाव बोलवायचे कारण नव्हते, पण मुंबईचे बुवा आलेत म्हटल्यावर न बोलावता ती आली होती. श्रोते बघताच बुवांनी उपरणे सारखे केले. मी पानाचे तबक हाताशी ओढून घेतले.

आधी मी सांगितले. तीन वर्षे चूल अण्णांची होती. चुलत्यांनी मान हलवली.

मग बुवा. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, “तीन वर्षे. एक चूल. एक हात.”

एवढेच. उत्तम झाले होते. मी सुटलो असे वाटले. आणि चुलते मनापासून म्हणाले, “वा!”

ज्याने कीर्तनकार जवळून पाहिला आहे त्याला पुढचे सांगायला नको. कीर्तनकाराने सिद्धांत मांडला की त्याला दृष्टांत द्यावा लागतो. दृष्टांतावाचून सिद्धांत अडतो म्हणून नव्हे. जन्मभर तशी सवय जिभेला लागते. सिद्धांत नुसता सोडून बुवा कधी खाली बसले नव्हते, आणि समोरून ‘वा’ आला होता. त्यांनी दृष्टांत घेतला. पहिला अगदी निरुपद्रवी. आगबोट वादळात सापडली, सगळे प्रवासी आडवे झाले, आणि अण्णा एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने भात ढवळत होते. लोक हसले.

“करपला होता,” अण्णा म्हणाले.

“करपला होता! आणि या मास्तरांनी तो मागून मागून खाल्ला!”

मग मीही बोललो, हे कबूल केले पाहिजे. नैरोबीचा एक शेठ उघड्या डोळ्यांनी झोपत असे आणि बुवा सबंध वर्षभर त्यालाच आपला सर्वांत एकाग्र श्रोता समजत होते, ही गोष्ट मी सांगितली. बुवांनी मला शेलका टोमणा मारला. अण्णांनी लाल मातीची, रुळावरून चालत येणाऱ्या जिराफांची गोष्ट काढली. ते दहा वाक्ये सलग बोललेले मी आयुष्यात तेव्हाच ऐकले. सात वर्षे आम्ही तिघे हे सारे गिळून बसलो होतो. ज्या प्रवासाची इतकी वर्षे चोरासारखी लाज वाटत होती, तो निदान त्या एका ओटीवर मोठा आणि आनंदाचा झाला होता. चुलते मांडी बदलून पुढे सरकले होते. आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या. मुलगी ऐकत होती. अर्धा तास आम्ही साक्षीदार नव्हतोच, नुसते जुने सोबती होतो, आणि घात झाला तो त्यामुळे.

“पण मंडळी,” बुवांचा आवाज एकाएकी खाली उतरला, “हा माणूस नसता तर मी आज तुमच्यासमोर नसतो.”

मी खोकलो. बुवा थांबले, माझ्याकडे प्रेमाने पाहिले, आणि “मास्तरांनाही आठवून भरून आले” असे मंडळींना सांगून पुढे निघाले. मी पानाचे तबक त्यांच्यापुढे सारले. त्यांनी विडा उचलला आणि मांडीवर ठेवला. मी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि आता दोन्ही हात तसेच ठेवून ते बोलू लागले. धावत्या गाडीचे चाक हाताने धरावे तसे माझे झाले होते. म्हातारी आली. उंबऱ्यावर मडके आले. बुवांनी स्वतःचा ताप उभा केला, कोरडे ओठ उभे केले, अण्णांचा थरथरणारा हात उभा केला. “आणि या माणसाने, ज्याने तीन वर्षे ओलेत्याने चूल सांभाळली, त्याने एका मित्राच्या जिवासाठी आपले सोवळे त्या मडक्यात सोडले! याहून मोठा धर्म कोणता?”

चुलत्यांनी उपरण्याने डोळे टिपले. खोटे नव्हे, खरेच टिपले.

मग भटजींनी विचारले, “रस्सा कशाचा?”

आपण काय केले ते बुवांना त्या क्षणी कळले, आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिले. इतके वाईट दृश्य मी फार पाहिलेले नाही.

“बुवा तापात होते,” मी घाईने म्हणालो. “तापात माणसाला नाही नाही ते दिसते.”

“हो, हो,” बुवा म्हणाले, “ताप फारच होता. मला तर सिंहसुद्धा दिसले.”

“सिंह खरे होते,” मागून गाडीवान म्हणाला. रस्त्यात त्याने ऐकले होते. कुणी हसले नाही.

चुलते अण्णांकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जवळजवळ विनवणी होती. “म्हणजे, अण्णासाहेब, तसे काही झालेले नाही. बुवांचा भ्रम. असेच ना?” नाही म्हणा, एवढेच ते मागत होते. सगळी ओटी तेच मागत होती. दाराआडच्या बांगड्या थांबल्या होत्या.

अण्णांनी एकदा आतल्या दाराकडे पाहिले.

“झालं तसं,” ते म्हणाले. “कोंबडीचा होता. मी आधी प्यायलो.”

“अण्णा...” मी म्हणालो.

“त्या बाईकडं एकच कोंबडी होती हो, मास्तर. अंगणात रोज दिसायची. ती बाईच नव्हती असं आता कसं सांगू?”

चुलते उठले. त्यांनी अण्णांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही.” मग वहाणा घातल्या. पाणी न घेताच गेले. आठ दिवसांनी मला पत्र आले की पत्रिका पुन्हा पाहता जुळत नाही असे आढळले आहे.

मी महाडात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला नीट बसवले.

“मास्तर, मला स्वतःला काही वाटत नाही. खरेच सांगतो. पण माझ्या दोन पुतण्या उजवायच्या आहेत. त्यांच्या सासरच्यांनी उद्या हे विचारले तर?”

“त्यांनाही स्वतःला काही वाटत नसेल.”

“नसेलच. पण त्यांच्याही घरी मुली असतीलच की.”

मी उठून भटजींकडे गेलो. ते म्हणाले, प्रायश्चित्त आहे. पण ते घ्यायचे तर पाप चारचौघांत बोलून घ्यावे लागते, आणि बोलल्यावर मुलीला पाहायला कोण येणार? चार वर्षांपूर्वी याच महाडात, माणसांनी पाणी प्यायले म्हणून एक सबंध तळे मंत्र म्हणून, घागरी ओतून शुद्ध करण्यात आले होते. मी त्या दिवशी दार लावून घरात वाचत बसलो होतो. कुणाच्याही बाजूने बाहेर पडलो नव्हतो. मी म्हणालो, एवढे पाणी शुद्ध होते, तर दोन घोट का होऊ नयेत?

“तळ्याला मुलगी नव्हती, मास्तर,” भटजी म्हणाले.

निरोप सांगायला मीच अण्णांच्या गावी गेलो. तसेच पत्र त्यांना आधीच पोचले होते. अण्णा खाचरात होते. मुलगी ओटीवर तांदूळ निवडत होती, ती उठली नाही.

“मास्तरकाका, तुम्ही तिघं तिकडं लोकांना काय शिकवायला गेला होतात?”

“हेच. खरे बोलावे. धर्माने वागावे.”

“मग शिकले ते?”

“नाही. दुकानदार होते.”

ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, “बाबा खोटं बोलले असते तर मला चाललं असतं. त्यांना सांगू नका मी असं म्हटलं म्हणून.” मी सांगितले नाही. बुवांची मुंबईहून तीन पत्रे आली. प्रत्येकात ते स्वतःला जीभ छाटून घेण्याची शिक्षा सुनावत होते, आणि प्रत्येक पत्र आठ-आठ पानी होते. अण्णांनी उत्तरात एवढेच लिहिले की प्रकृतीस जपावे, जागरणे करू नयेत.

दोन वर्षांनी मुलीला कशेडीपलीकडे खेडच्या एका बिजवराकडे दिली. त्याला चार मुले होती आणि चौकशा करायला वेळ नव्हता. हे पुढचे. त्या कारकुनाचे लग्न मात्र साक्षीनंतरच्या पहिल्याच फाल्गुनात महाडला माणगावकडच्या मुलीशी झाले. लग्नाआधी चुलते माझ्याकडे बुवांचा पत्ता मागायला आले. लग्नानंतर घरी कीर्तन ठेवायचे होते. “वाणी काय रसाळ आहे हो त्यांची,” ते म्हणाले. मी पत्ता दिला. न देण्याजोगे कारण मला सापडले नाही. जाऊ की नको म्हणून बुवांनी अण्णांना विचारले. अण्णांनी कळवले की बोलावणे आले की जावे, तो तुमचा धंदा आहे. बुवा आले.

कीर्तन अडीच तास चालले आणि अंगणात उभे राहायला जागा उरली नाही. नवरा मुलगा मागे खांबाला टेकून उभा होता, संपण्याआधी उठून गेला. शेवटी चुलत्यांनी बुवांना शाल दिली, नारळ दिला आणि पायांवर डोके ठेवले. जेवायला आत चार पंगती मांडल्या होत्या. बुवांचे पान त्यांपैकी कशात नव्हते. ते मागच्या पडवीत, गोठ्याच्या बाजूला होते, आणि शेजारी माझे. वाढपी तिथे सगळ्यांत शेवटी येत असे. जिलबी आमच्यापर्यंत पोचली नाही.